साडेनऊ लाखांचं घर आणि एका गिरणी कामगाराचं बिऱ्हाड

मी लालबाग-परळकडच्या तीन-चार हाउसिंग सोसायट्यांचे हिशेब लिहितो. त्यामुळे घराच्या कुठल्याही कागदाचं घोडं अडलं की गावाकडची माणसं माझ्याकडे येतात. २०२५ च्या जुलैत, आझाद मैदानावर गिरणी कामगारांचा मोर्चा झाला त्याच आठवड्यात, माझा एक गाववाला ठाण्याजवळच्या दिव्याहून आला. हातात सोनाराच्या दुकानाची जुनी प्लास्टिकची पिशवी होती, तिच्यात त्याच्या वडिलांची गिरणी. म्हणजे कामगार विम्याचं (ईएसआयसीचं) कार्ड, पगाराच्या दोन स्लिपा, रजेचं पुस्तक आणि म्हाडाच्या अर्जाची पावती. पिशवी टेबलावर ठेवून म्हणाला, "दादा, शेलूचं घर घ्यायचं का सोडायचं, एवढंच सांग." शेलूचं घर म्हणजे जुन्या गिरणी कामगारांना आणि त्यांच्या वारसांना सरकार कर्जत मार्गावर साडेनऊ लाखांत देऊ करतंय ते.

एवढंच सांगायला मला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत मांडलेला हिशेब इथे देतोय. नावगाव देत नाही. घरातले आकडे त्यांनी स्वतः सांगितलेले आहेत.

आधी कुटुंब. वडील संगमेश्वर तालुक्यातले. सत्तरच्या दशकात मुंबईत आले, काही वर्षं बदली कामगार, मग स्पिनिंगला कायम. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. हे त्यातले एक. त्या संपाची समाप्ती कधी कुणी जाहीर केलीच नाही. यांना गिरणीने परत घेतलं नाही, पुढे गिरणीच बंद झाली. काही वर्षं गाव, काही वर्षं वॉचमनची नोकरी, आणि २०१४ मध्ये ते गेले. त्याआधी घराचा अर्ज भरून ठेवला होता. आता वारस म्हणून त्यांच्या बायकोचं, म्हणजे काकींचं नाव लागलंय. काकी गावी राहतात. मुलगा पंचेचाळिशीचा, हिंदमाताला कापडाच्या होलसेल दुकानात. सून दिव्यात दोन ठिकाणी पोळ्या लाटते. मुलगी बारावी कॉमर्सला, धाकटा नववीत.

घराचा प्रश्न आला की लोक म्हणतात, यांना कुठे घरच नाही. या कुटुंबाच्या बाबतीत ते खरं नाही. यांची मोजून चार घरं आहेत, आणि एकही धड नाही.

पहिलं घर म्हणजे गावकीची खोली. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोकणातल्या आणि घाटावरच्या बऱ्याच गावांनी गिरणगावातल्या चाळींत वर्गणी काढून पागडीने खोल्या घेतल्या होत्या. गोव्याच्या लोकांचे गावागावांचे कूड होते, तसाच हा मामला. आमची खोली दहा बाय अठराची. भिंतीला खुंट्या, खुंटीखाली ट्रंक, ट्रंकेवर वळकटी. एका पाळीची माणसं कामाला गेली की दुसऱ्या पाळीची त्याच जागेवर पसरायची. जेवण खानावळीत. खोलीत बायकांना मज्जाव, म्हणून ज्यांचं लग्न झालं त्यांचा संसार गावी. आजही खोलीच्या वहीवर तीसेक नावं आहेत आणि महिन्याची वर्गणी इतकी किरकोळ की तेवढ्यात आता वडापाव-चहाही होत नाही.

हे स्वस्त घर कुणाच्या जिवावर स्वस्त होतं, ते बघा. गिरणीमालकाला माणूस मिळाला एका खुंटीच्या भाड्यात. त्याची बायको, पोरं, म्हातारे आईबाप सगळे गावच्या भाताच्या चार मळ्यांनी पोसले. मुंबईने घरभाड्याचा मोठा वाटा त्या काळी कोकणावर ढकललेला होता. कामगाराला परवडत होतं कारण त्याचं कुटुंब मुंबईत नव्हतंच.

त्या खोलीचं आता काय? इमारत १९४० च्या आधीची, उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी चाळ. पुनर्विकास झालाच तर विकास नियमावलीतल्या ३३(७) या नियमाखाली एका भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांचं घर मिळतं. भाडेकरू मात्र एकच धरला जातो. भाडेपावती ज्यांच्या नावावर आहे ते गृहस्थ वारून जमाना झाला, आणि त्यांच्या नातवंडांना अलीकडे पावती सापडलीय. तीस जणांची वही एका बाजूला, एका नावाची पावती दुसऱ्या बाजूला. गावच्या मंडळाच्या बैठकीत या विषयावर दोनदा खुर्च्या उचलल्या गेल्यात. या खोलीतून आपल्या वाट्याला काही येईल असा हिशेब मी गाववाल्याला धरू दिला नाही.

दुसरं घर गावचं. जांभ्या चिऱ्याचं, चार खण, पुढे पडवी. गिरणीच्या हिशेबाचे पैसे मिळाले त्यातून १९९६ ला बांधलं. गणपतीत मी मुद्दाम त्यांच्याकडे जाऊन आलो. बाहेर मुसळधार, आणि माजघरात देवाच्या फळीपासून हातभर अंतरावर पातेलं ठेवलेलं. कौलं धड आहेत, खालचे वासे वाळवीने खाल्लेत. वासा बसला की कौल सरकतं आणि कौल सरकलं की पाणी आत. पूर्वी दर वैशाखात शाकारणी व्हायची. आता छपरावर चढणारा माणूस मिळत नाही, मिळाला तर त्याची मजुरी झेपत नाही. लोखंडी सांगाडा करून वर पत्रा टाकायचा तर सुताराने नाही, फॅब्रिकेटरने अंदाज दिलाय एक लाख ऐंशी हजार.

"घरकुल का नाही घेत?" असं मुंबईतला माणूस पटकन विचारतो. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागात सपाटीला १ लाख २० हजार, डोंगराळ भागाला १ लाख ३० हजार मिळतात. पण ते बेघराला नाहीतर कच्च्या घरात राहणाऱ्याला. यांचं घर तर चिऱ्याचं, म्हणजे पक्कं. वासे कुजले म्हणून कुणी घराला कच्चं म्हणत नाही. घरावर कर्ज काढावं तर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला, म्हणजे घराच्या नोंदीच्या उताऱ्यावर, चार भावांची नावं, त्यातले दोघे वारलेले. वरकस जमीन आहे, रस्त्यालगत, मुंबईचा एक जण दर मे महिन्यात विचारून जातो. सातबारावर सतरा नावं आहेत. एक चुलतभाऊ बडोद्याला, एक कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही. म्हणजे गावाला भाडं नाही, हप्ता नाही, घरपट्टी नगण्य, पण त्या घरावर कुणी दहा हजार रुपये द्यायला तयार नाही. शहरातल्या गरिबाला घर मिळत नाही आणि गावातल्या गरिबाला घराचा पैसा करता येत नाही. ग्रामीण घरांबद्दल बोलताना ही बाजू सहसा कुणी काढत नाही.

काकींना मी विचारलं, शेलूचं काय करायचं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला कशाला हवंय घर. माझं आहे की. त्यांचं त्यांनी बघावं."

तिसरं घर दिव्याचं, भाड्याचं. दिवा पूर्वेला वन आरके, भाडं ७,५००, डिपॉझिट ४० हजार. चौदा वर्षांत ही सहावी खोली. दर अकरा महिन्यांनी मालक पाचशे वाढवतो, नाही जमलं तर सामान टेम्पोत. सामान हलवणं, एजंटाचं एक महिन्याचं भाडं, नव्या खोलीत नळ-वायरिंग, असं मिळून प्रत्येक बदलाला पंधरा-वीस हजार जातात, आणि ते कुणाच्याच हिशेबात येत नाहीत. पाणी दिवसाआड, पिंपात भरून. करार पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला. खरं तर १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लेखी करार आणि त्याची नोंदणी सक्तीची आहे आणि ती जबाबदारी मालकावर आहे. करार नोंदवलेला नसेल तर वाद झाल्यावर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं आधी धरलं जातं. हे मी गाववाल्याला मोठ्या उत्साहाने सांगितलं. तो म्हणाला, "दादा, वाद घातला तर सातवी खोली कोण देईल?"

दिव्यात विकत घ्यायचा विचारही झाला होता. तिथे खोल्या नोटरीवर सर्रास विकल्या जातात. बँक दारात उभी करत नाही, कारण इमारतच अनधिकृत. मग 'हेवी डिपॉझिट'चा एक पर्याय आला होता: पाच लाख एकदम द्या, भाडं शून्य. सासुरवाडीकडून तीन लाख उभे राहत होते. मी तेव्हाच नको म्हटलं होतं, आणि २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने दिव्याजवळच्या शीळ भागातल्या अनधिकृत इमारती पाडायला सुरुवात झाली तेव्हा मला स्वतःलाच हायसं वाटलं. इमारत पडली की पाच लाख कुणाकडे मागायचे? मालक तर पैसे घेऊन दुसऱ्या इमारतीचा स्लॅब टाकत असतो.

चौथं घर शेलूचं, ज्यासाठी ही सगळी उठाठेव. त्याची पार्श्वभूमी थोडक्यात. मुंबईतल्या ५८ गिरण्यांची जमीन सुमारे ६०० एकर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ क्रमांकाच्या नियमात ठोकळ वाटणी होती: एक हिस्सा मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये दुरुस्ती झाली आणि ही वाटणी फक्त गिरणीच्या आवारातल्या रिकाम्या जागेपुरती राहिली. जिथे शेड उभी होती ती जागा हिशेबातून बाहेर. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. एका नियमातल्या एका शब्दाचा अर्थ बदलला आणि परळचं घर शेलूला गेलं, असं मी म्हणतो तेव्हा लोकांना अतिशयोक्ती वाटते.

पुढचं गणित सरळ आहे. अर्ज पावणेदोन लाखांच्या घरात. २०१२ ला ६,९२५ घरांची सोडत, २०१६ ला आधी २,६३४ आणि मग पनवेलजवळ कोनला २,४१७, २०२० ला ३,८९४. सगळी मिळून सोळा हजारांच्या आत. कोनच्या घरांचा तर कोविडमध्ये विलगीकरणासाठी वापर झाला, आणि सोडत लागलेल्यांनी चावीसाठी कित्येक वर्षं चपला झिजवल्या. उरलेल्यांसाठी मुंबईत जागा नाही म्हणून शासनाने कर्जत मार्गावर शेलू आणि वांगणीला ८१ हजार घरांची योजना आणली. घर १५ लाखांचं, त्यात साडेपाच लाख शासनाचे, साडेनऊ लाख कामगाराचे. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयातल्या कलम १७ ने असं सुचवलं की हे घर नाकारलं तर पुढचा हक्क गेला. जुलैच्या मोर्चातल्या मुख्य मागण्या दोन: ते कलम काढा, आणि घर मुंबईत द्या.

आता वही उघडू. मिळकत अशी: मुलाला २२ हजार, त्यातले १४ बँकेत येतात, ८ रोख पाकिटात. सुनेचे ८ हजार. एकूण ३० हजार. घरावर उत्पन्नाच्या तीस टक्क्यांपर्यंत खर्च परवडणारा मानतात. दिव्याचं भाडं पंचवीस टक्के. म्हणजे पुस्तकाप्रमाणे या कुटुंबाला घर परवडतंय. पिंपातलं पाणी, नोटरीचा कागद आणि सहा वेळा बदललेली खोली या टक्क्यात कुठेच दिसत नाही.

शेलूचं घर घ्यायचं तर दीड लाख हातचे आणि आठ लाख कर्ज. नऊ टक्क्यांनी पंधरा वर्षांचा हप्ता ८,११४ रुपये. सोसायटीचा मेंटेनन्स मी दीड हजार धरला. लिफ्ट असलेल्या नव्या इमारतीत त्याहून कमी होत नाही, हे मी रोज पावत्या फाडतो म्हणून सांगू शकतो. झाले ९,६०० च्या वर. तीस हजारांत हे बत्तीस टक्के, ओढूनताणून बसेल. पण सुनेची दोन्ही कामं दिव्यात आहेत. शेलूला गेल्यावर तिथे पोळ्यांना कोण ठेवणार? तिथले लोक आपापल्या घरी लाटतात. तिचे आठ हजार गेले की मिळकत २२ हजार आणि घराचा खर्च चव्वेचाळीस टक्के. बँक तर पगाराचे १४ हजारच बघते, तेवढ्यावर आठ लाख देत नाही. मग पतपेढी. तिचा दर तेरा टक्के, हप्ता १०,१२२, आणि निम्म्याहून जास्त पगार घरात.

त्यावर वेळ. दुकान रात्री नऊला बंद होतं. दिव्याला तो साडेदहापर्यंत घरी पोचतो. कर्जत गाडी मिळाली तर दादरहून शेलू पावणेदोन तास, चुकली तर पुढच्या गाडीला अर्धा-पाऊण तास थांबा. पासाच्या पैशात फार फरक नाही, झोपेत आहे. ९ जून २०२५ ला दिवा-मुंब्र्याच्या दरम्यान गर्दीच्या लोकलमधून माणसं पडली आणि मेली. त्या दिवशी सून दुपारपर्यंत फोन लावत होती. ती बाई लोकलचं नाव काढलं की गप्प होते.

इथपर्यंत मी 'सोडा' म्हणायच्या बेतात होतो. मला अडवलं ते बारावीतल्या मुलीने. बापाच्या खांद्यावरून माझी वही बघत होती. तिने वहीच्या मागच्या पानावर मांडलं: भाडं ७,५००, दर वर्षी पाचशे वाढ, पंधरा वर्षं. उत्तर १९ लाख ८० हजार. शेलूचा नऊ टक्क्यांचा हप्ता, मेंटेनन्स आणि हातचे दीड लाख धरून १८ लाख ८० हजार. म्हणाली, "काका, पैसे तेवढेच जातात. पण इकडे शेवटी घर राहतं."

आकडा बरोबर होता. मी दोनदा तपासला. पंधरा वर्षांच्या अंगाने बघितलं तर शेलूच शहाणपणाचं, आणि मालकीचं घर असावं म्हणून कर्ज काढणारे सगळे याच मार्गाने जातात. फरक एवढाच की या घराला पंधरा वर्षं जगण्याआधी पहिली तीन वर्षं जगायची आहेत. आईचे वर्षाचे ९६ हजार तिने धरले नव्हते. बँक देणार नाही हेही नाही. ते दाखवल्यावर ती थोडी हिरमुसली, मग म्हणाली, "मग घेऊन भाड्याने दिलं तर?" नेरळच्या एका एजंटाला मी फोन केला. त्या बाजूला चार-साडेचार हजार भाडं येतं म्हणाला, आणि ८१ हजार घरं एकदम आली तर तेही येणार नाही, असं हसत हसत पुढे जोडलं. म्हणजे दिव्याचं भाडं भरा, शेलूच्या हप्त्यातली अर्धी तूट भरा, आणि मेंटेनन्सही भरा.

घराचा सौदा कागदावर चांगला आहे. साडेपाच लाखांची सवलत खरी आहे, आणि एरवी या माणसाला स्पष्ट मालकीचं, कर्जाला चालेल असं घर जन्मात कुणी देणार नाही. चूक किमतीत नाहीच. शेलूला उतरून चालत जाता येईल असं काम असतं, किंवा सुनेच्या दोन घरांइतकी घरं तिथे असती, तर याच साडेनऊ लाखांना मी लगेच हो म्हटलं असतं. किंमत कमी करायची म्हणून घर लांब नेलं, आणि लांब नेल्यामुळे ती किंमत भरणारी मिळकत कापली गेली. पूर्वी कामगार खुंटीवर आणि कुटुंब गावी. आता कुटुंब एकत्र, पण बाप गाडीत.

ठरलं ते असं. हक्क सोडायचा नाही, पण पैसेही भरायचे नाहीत. पात्रतेची कागदपत्रं मात्र पुरी करून ठेवायची. त्यातही एक मेख निघाली. ईएसआयसी कार्डावर वडिलांचं आडनाव एका प्रकारे, मृत्यूच्या दाखल्यावर दुसऱ्या. घडी पडली तिथली शाई उडालीय, नेमकं तेच अक्षर वादात. 'दोन्ही नावं एकाच इसमाची' असं प्रतिज्ञापत्र काकींनी करून द्यायचं होतं. त्यासाठी त्या सप्टेंबरात गावाहून रातराणीने आल्या. अंगठा नाही, सही केली, प्रौढ साक्षरता वर्गात शिकलेली. सही करायला पाच मिनिटं लागली, वकिलाचा कारकून घड्याळ बघत होता.

हातचे दीड लाख सुनेच्या दागिन्यांवर मिळत होते, ते तसेच राहिले. त्यातले काही गावच्या छपराला लावावेत असं मी सुचवलं होतं. मुलगा म्हणाला, चार भावांच्या नावावरच्या घराला मी एकट्याने पत्रा का घालू? काकी ऐकत होत्या. काही बोलल्या नाहीत.

दिव्याचा करार फेब्रुवारीत संपतो. मालकाने या वेळी पाचशे नाही, हजार मागितलेत.